ट्रॉलीचा भार आणि टायरमधील हवा

महाराष्ट्राच्या खेड्यांतील मालवाहतूक अनेक पिढ्या बैलगाडीच्या लोखंडी धावेवर चालत आली. धाव सैल झालेली नाही ना आणि आखाला वंगण आहे ना, एवढे पाहिले म्हणजे गाडीवानाचे काम भागत असे. रबरी टायर आला आणि चाकात भार पेलणारी, परंतु डोळ्यांना न दिसणारी एक वस्तू आली. ती म्हणजे दाबाखाली कोंडलेली हवा. रॉबर्ट विल्यम थॉमसन यांनी १८४५ मध्ये हवेच्या टायरचे पेटंट घेतले. बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनी १८८८ मध्ये ही कल्पना नव्याने शोधून व्यवहारात आणली. पुढे १९३२ मध्ये अमेरिकेतील ॲलिस-चाल्मर्स कंपनीने हवेचे टायर बसविलेला शेतीचा ट्रॅक्टर विक्रीस आणला. आज आपल्या गावांतून ऊस, शेणखत, कडबा, विटा आणि टंचाईच्या दिवसांत पिण्याचे पाणी, हे सारे ट्रॅक्टरमागील ट्रॉलीतूनच वाहिले जाते.

असे असूनही, ट्रॉलीच्या टायरमध्ये हवा किती असावी, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक ठिकाणी अंदाजाने दिले जाते. कोणी टायरला लाथ मारून पाहतो, कोणी टॉमीने ठोकून आवाज ऐकतो, तर कोणी ‘टायरवर लिहिली आहे तेवढी भरा’ असे सांगून मोकळा होतो. या अंदाजाची किंमत डिझेल, टायर आणि जमीन यांच्या रूपाने मोजावी लागते, आणि प्रसंगी माणसांच्या जिवानेही. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या रात्रंदिवस रस्त्यावर असतात. मालाच्या ट्रॉलीतून माणसे नेणे कायद्यास मान्य नाही. तथापि ऊसतोड मजुरांची कुटुंबे आपल्या संसारासह अशाच वाहनांतून कारखान्यांकडे येताना दिसतात, हे वास्तव आहे. यास्तव या साध्या वाटणाऱ्या विषयाकडे थोडे शास्त्रीय दृष्टीने पाहणे उचित ठरेल.

हवा भार कशी पेलते?

टायरचे रबर आणि त्यातील दोरे हे मुख्यतः हवेला कोंडून धरण्याचे काम करतात. भार पेलते ती प्रामुख्याने हवाच. टायरचा जेवढा भाग जमिनीला टेकलेला असतो, त्याचे क्षेत्रफळ ढोबळमानाने चाकावरील भाराला हवेच्या दाबाने भागले असता मिळते. एका चाकावर २,५०० किलोग्रॅम भार असेल आणि दाब दर चौरस सेंटिमीटरला ७ किलोग्रॅम असेल, तर टेकलेला भाग सुमारे ३५७ चौरस सेंटिमीटर, म्हणजे साधारणतः माणसाच्या दोन पंजांएवढा येतो. अडीच टनांचा भार एवढ्याशा जागेवर उभा असतो.

दाब निम्मा झाला तर तोच भार पेलण्यासाठी टायरला जवळजवळ दुप्पट जागा टेकवावी लागते. त्यासाठी त्याच्या बाजू अधिक वाकतात. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात हे वाकणे आणि सरळ होणे घडते व त्यातून उष्णता निर्माण होते. रबर उष्णता लवकर बाहेर टाकत नाही. त्यामुळे टायरच्या थरांमधील बंध सैल होत जातात आणि अखेर टायर फुटतो. टायर फुटण्यास जादा हवा कारणीभूत होते असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात कमी हवा, जादा भार आणि वेग हे त्रिकूट अधिक घातक असते.

याचा अर्थ हवा हवी तेवढी भरावी असा नाही. दाब प्रमाणाबाहेर वाढला तर टायरचा केवळ मधला पट्टा जमिनीला टेकतो व तोच झिजतो. ट्रॉली खड्ड्यांतून उसळते, ब्रेक लावताना पकड कमी पडते आणि टोकदार दगडाने टायर कापला जाण्याचा संभव वाढतो. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी होती, आणि मध्यभाग झिजला असेल तर ती जास्त होती, असे निदान कोणासही करता येते.

दाब टायरचा नव्हे, भाराचा

या विषयातील मुख्य सूत्र हे की, योग्य दाब हा केवळ टायरच्या आकारावरून ठरत नाही, तर त्या टायरवर प्रत्यक्ष पडणाऱ्या भारावरून ठरतो. टायरच्या बाजूवर छापलेला दाब त्या टायरच्या कमाल भाराशी निगडित असतो. कमी भारासाठी कमी दाब पुरतो; मात्र छापलेल्या कमाल भारापेक्षा अधिक वजन लादून वर हवा वाढवीत गेल्याने टायरची ताकद वाढत नाही.

टायरच्या बाजूवर आकार, भारनिर्देशांक आणि वेगाचे अक्षर दिलेले असते. भारनिर्देशांक १२० म्हणजे १,४०० किलोग्रॅम, १३० म्हणजे १,९००, १४० म्हणजे २,५०० आणि १५० म्हणजे ३,३५० किलोग्रॅम. ‘ए८’ हे चिन्ह ताशी ४० किलोमीटर, ‘बी’ ५० किलोमीटर, तर ‘जे’ १०० किलोमीटर वेगाचे निदर्शक आहे. अनेक टायरांवर ‘पीआर’ या अक्षरांसह एक आकडाही असतो. तो टायरच्या मजबुतीचा दर्जा सांगतो. आत तितकेच थर असतात असा त्याचा अर्थ आज राहिलेला नाही. टायर उत्पादक आपल्या प्रत्येक आकारासाठी भार आणि दाब यांचा तक्ता प्रसिद्ध करतात. दाब निवडण्याचा खरा आधार तो तक्ताच होय.

तक्ता हाती नसेल तर तात्पुरते त्रैराशिक उपयोगी पडते. समजा, एखाद्या टायरचा कमाल भार २,५०० किलोग्रॅम व त्यासाठीचा दाब १०० पौंड, म्हणजे दर चौरस इंचास १०० पौंड आहे. चाकावर २,००० किलोग्रॅम भार असेल तर त्रैराशिकाने ८० पौंड हे उत्तर येते. तक्त्यातील दाब सहसा याहून थोडा कमी असतो. म्हणजे त्रैराशिकाचे उत्तर सुरक्षित बाजूला राहते. तक्ता मिळताच मात्र त्याचाच वापर करावा.

वजनकाट्यावरचा हिशेब

चाकावरील भार अंदाजाने कळत नाही. तो काट्यावरच कळतो. सुदैवाने ऊस पट्ट्यात वजनकाटा दुर्मिळ नाही. उसाची प्रत्येक ट्रॉली कारखान्यात भरलेली व रिकामी अशी दोनदा तोलली जाते. परंतु त्या वेळी एकूण वजन पाहिले जाते, चाकांवरील वाटणी पाहिली जात नाही. ही वाटणी काढणे कठीण नाही. भरलेल्या वाहनाच्या ट्रॅक्टरची पुढील चाके प्रथम काट्यावर घ्यावीत व वजन नोंदवावे. नंतर मागील चाके, त्यानंतर ट्रॉलीचा एकेक ॲक्सल काट्यावर घेत जावे व प्रत्येक वेळी आधीचे वजन वजा करावे. जागा सपाट असल्यास केवळ एका बाजूची चाके काट्यावर ठेवून डाव्या-उजव्या बाजूंतील फरकही काढता येतो.

हे का आवश्यक आहे, ते एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, चार चाकांच्या ट्रॉलीचे उसासह वजन १०,००० किलोग्रॅम आहे आणि प्रत्येक टायरची क्षमता २,५०० किलोग्रॅम आहे. सरासरीने पाहता हिशेब बरोबर जुळतो. काट्यावर मात्र पुढील ॲक्सलवर ४,६०० आणि मागील ॲक्सलवर ५,४०० किलोग्रॅम भरले. मागील ॲक्सलच्या डाव्या चाकावर २,५००, तर उजव्या चाकावर २,९०० किलोग्रॅम आढळले. म्हणजे एकूण वजन मर्यादेत असूनही एक टायर ४०० किलोग्रॅम जादा भार घेऊन धावत आहे. टायर फुटेल तो हाच, आणि तेव्हा ‘टायर नवा होता’ असे सांगितले जाईल. येथे हवा वाढविणे हा उपाय नव्हे. मोळ्यांची रचना बदलणे आणि एकूण भार कमी करणे हाच उपाय होय.

दाब ठरविताना त्या ॲक्सलवरील सर्वांत जड चाक आधाराला घ्यावे, थोडी जादा क्षमता राखीव ठेवावी आणि त्या ॲक्सलवरील सर्व टायरांत समान दाब ठेवावा. एका बाजूला कमी व दुसऱ्या बाजूला जास्त हवा असेल तर ट्रॉली एका अंगाला ओढ घेते. एकाच ॲक्सलवर नायलॉन आणि रेडियल अशी सरमिसळ करू नये. रेडियल टायर योग्य दाबातही बाजूंनी फुगीर दिसतो, म्हणून डोळ्यांनी पाहून त्याचा दाब ओळखू येत नाही.

जोडदांडीवरील भार

एकाच ॲक्सलच्या, दोन चाकी ट्रॉलीचा हिशेब आणखी वेगळा आहे. तिच्या वजनाचा काही भाग जोडदांडीतून ट्रॅक्टरवर उतरतो. परदेशांत मोटारीमागे फिरते घर जोडून प्रवास करण्याची प्रथा आहे. तेथे ओढल्या जाणाऱ्या वाहनाच्या वजनाचा सुमारे १० ते १५ टक्के भाग हुकावर असावा, असा प्रघात आहे. तो फार कमी झाला तर मागचे वाहन डोलू लागते. ट्रॉलीच्या बाबतीतही तत्त्व तेच आहे. ऊस वा विटा ॲक्सलच्या मागे अधिक भरल्या तर जोडदांडी वर उचलली जाते, ट्रॅक्टरच्या मागील चाकांची पकड कमी होते आणि उतारावर ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलू लागते. त्यातच टायरमध्ये हवा कमी असेल तर डोलणे अधिकच वाढते. एकामागे एक दोन ट्रॉल्या जोडल्या असता शेवटची ट्रॉली सर्वांत अधिक डोलते, हे रस्त्यावर नेहमीच दिसते.

उलट भार फार पुढे आला तर काय होते? समजा, हुकावर ९०० किलोग्रॅम भार आला, हूक मागील ॲक्सलच्या ०.८ मीटर मागे आहे आणि ट्रॅक्टरच्या दोन्ही ॲक्सलमधील अंतर २ मीटर आहे. तरफेच्या नियमाने मागील ॲक्सलवर १,२६० किलोग्रॅम भार वाढतो आणि पुढील ॲक्सलवरून ३६० किलोग्रॅम भार कमी होतो. म्हणजे मागील प्रत्येक टायरवर ६३० किलोग्रॅमची भर पडते, तर पुढची चाके हलकी होऊन सुकाणू ढिले पडते. चढावर ट्रॅक्टरचे तोंड उचलले जाण्याचे एक कारण हेच होय. यास्तव ट्रॉली जोडल्यानंतर ट्रॅक्टरच्या मागील टायरांचा दाबही नव्याने ठरवावा लागतो. नांगरटीसाठी ठेवलेला दाब भरलेल्या ट्रॉलीसाठी पुरेलच असे नाही.

शेत आणि रस्ता

शेतात आणि रस्त्यावर टायरकडून अपेक्षिली जाणारी कामे परस्परविरोधी आहेत. नांगरटीच्या वेळी ट्रॅक्टरच्या मागील टायरांत साधारणतः १२ ते १६ पौंड एवढा मवाळ दाब ठेवला जातो. त्यामुळे टायर रुंद टेकतो, घसरण कमी होते आणि जमीन कमी दबते. ट्रॉलीच्या टायरांत मात्र याच्या कितीतरी पट दाब असतो, आणि भार तेवढ्याच लहान जागेतून जमिनीत उतरतो. ओल्या काळ्या जमिनीत भरलेली ट्रॉली फिरली की चाकोरीखालची माती घट्ट होते, पाणी व हवा मुळांपर्यंत पोहोचत नाही आणि त्या ओळीतील खोडव्याची वाढ खुंटते.

शेतासाठी ट्रॉलीची हवा कमी करून तशीच ती डांबरी रस्त्यावर नेणे हा मात्र धोक्याचा मार्ग आहे. शेत वाचविण्याचे उपाय निराळे आहेत. ओल असताना भरलेली ट्रॉली शेतात फिरवू नये, ठराविक चाकोरीतूनच ये-जा करावी, शक्य तेथे ट्रॉली बांधाजवळच्या रस्त्यावर उभी करून मोळ्या तेथवर आणाव्यात. दाब रस्त्यावरील भरलेल्या फेरीसाठीच निवडावा. परतीच्या रिकाम्या फेरीत तो जास्त होतो आणि ट्रॉली उसळते. परंतु प्रत्येक फेरीला हवा कमीजास्त करणे व्यवहार्य नसल्याने रिकामी ट्रॉली सावकाश हाकणे हाच शहाणपणा होय.

थंड टायर आणि तापलेला टायर

तक्त्यांतील सर्व दाब थंड टायरसाठी दिलेले असतात. वाहन निदान तीन तास उभे असेल, तर टायर थंड समजावा. म्हणून मोजणी पहाटे, फेरी सुरू होण्यापूर्वी करावी. हवा तापली की दाब वाढतो. हिवाळ्यातील सकाळी १५ अंश सेल्सिअसला १०० पौंड असलेला दाब टायरचे तापमान ४० अंशांवर जाताच सुमारे ११० पौंड होतो. वाटेत वाढलेला दाब पाहून हवा सोडणे ही मोठी चूक आहे. कारण टायर निवल्यावर तो आवश्यकतेपेक्षा खाली जातो आणि पुढील फेरीत अधिक तापतो. उलट, तेवढ्याच भाराची आणि त्याच ॲक्सलवरील एक बाजू दुसरीपेक्षा बरीच गरम लागत असेल, तर त्या टायरमध्ये हवा कमी आहे किंवा बेअरिंग वा ब्रेक अडकत आहे, हे ओळखावे.

ट्रॅक्टरच्या मागील टायरांत वजनासाठी पाणी भरले असेल तर मोजताना व्हॉल्व्ह सर्वांत वर आणावा. जोडचाके असल्यास आतील टायरचा दाब स्वतंत्रपणे मोजावा. तो बसला तरी बाहेरचा टायर भार धरून ठेवतो व दोष लपून राहतो. व्हॉल्व्हच्या टोप्या ही क्षुल्लक वस्तू नव्हे, कारण उसाच्या रस्त्यावरील धूळ व्हॉल्व्हमध्ये शिरली की हवा हळूहळू झिरपते.

कमी दाबाचा एक महागडा धडा

कमी दाबाचे परिणाम किती दूरवर जाऊ शकतात, हे अमेरिकेतील एका घटनेने दाखवून दिले. ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोन कंपनीने सुमारे ६५ लाख टायर परत मागविले. त्यांपैकी बहुसंख्य फोर्ड कंपनीच्या एक्सप्लोरर या वाहनासाठी वापरले जात होते. धावताना टायरचा वरचा थर सुटून वाहने उलटत होती व त्या अपघातांत दोनशेहून अधिक माणसे दगावली. टायरची रचना व निर्मिती यांतील दोषांवर वाद झाला, तसाच तो दाबावरही झाला. वाहनासाठी प्रथम २६ पौंड दाबाची शिफारस होती. पुढे ती ३० पौंड करण्यात आली. चार पौंडांचा फरक नगण्य वाटतो, परंतु भार, उन्हाळा आणि वेग एकत्र आले की टायरकडे राखीव ताकद उरत नाही. त्याच वर्षी तेथे नवा कायदा झाला आणि पुढे नव्या हलक्या वाहनांत दाब घटल्याची सूचना देणारी यंत्रणा बंधनकारक करण्यात आली. आपल्या ट्रॉलीला अशी यंत्रणा नसते. तेथे चालकाच्या हातातील दाबमापक हीच यंत्रणा होय.

हवा भरतानाची दक्षता

मोठ्या ट्यूब टायरांच्या रिमवर टायर धरून ठेवणारी लोखंडी रिंग असते. ती नीट बसली नसेल तर हवा भरताना प्रचंड जोराने उडते आणि समोरच्या माणसाच्या जिवावर बेतते. पंक्चरच्या दुकानांत हे काम पुष्कळदा कोवळ्या वयाची मुले करताना दिसतात, ही बाब गंभीर आहे. रिंग गंजलेली वा वाकलेली असल्यास ती वापरू नये. टायर लोखंडी पिंजऱ्यात ठेवून, लांब नळीने आणि चाकाच्या समोर न बसता बाजूला उभे राहून हवा भरावी. चाक खोलण्यापूर्वी हवा पूर्ण सोडावी. ठरलेल्या दाबाच्या ८० टक्के किंवा त्याहून कमी हवेवर धावलेला टायर खोलून आतून तपासल्याखेरीज पुन्हा भरू नये. त्याच्या बाजूंतील दोरे तुटलेले असण्याचा संभव असतो.

गावपातळीवर काय करता येईल?

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११३ अन्वये नोंदणीपत्रातील मर्यादेपेक्षा अधिक भार नेण्यास मनाई आहे. २०१९ च्या सुधारणेनंतर कलम १९४ खाली जादा भारासाठी २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे आणखी २,००० रुपये दंडाची तरतूद आहे. परंतु केवळ दंडाने सवय बदलत नाही. सवय बदलते ती माहितीने आणि सोयीने.

ग्रामपंचायतीने एक चांगला दाबमापक घेऊन तो ट्रॅक्टरमालकांना वापरावयास दिला, तर त्याचा खर्च एका टायरच्या किमतीच्या तुलनेत अगदी अल्प असेल. हंगामाच्या प्रारंभी कारखान्याच्या काट्यावर एक दिवस प्रत्येक ट्रॉलीचे ॲक्सलनिहाय वजन करून देण्याची व्यवस्था झाली, तर चालकास आपल्या वाहनाचा आकडा कायमचा कळेल. तो आकडा व ठरलेला दाब ट्रॉलीच्या चाकावरील पत्र्यावर रंगाने लिहून ठेवावा. शाळेतील शिक्षकांना येथे तरफ, त्रैराशिक, दाब व तापमान यांचे जिवंत उदाहरण मिळू शकते. दारात उभ्या असलेल्या ट्रॉलीच्या टायरवरील भारनिर्देशांक वाचावयास शिकलेला विद्यार्थी घरी जाऊन वडिलांना तो आकडा सांगेल, आणि अनेकदा अधिकाऱ्याच्या सूचनेपेक्षा त्याचा परिणाम अधिक होईल.

सारांशाने चालकाने पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१. भरलेल्या ट्रॉलीच्या प्रत्येक ॲक्सलवरील वजन हंगामात एकदा तरी काट्यावर पाहावे.

२. सर्वांत जड चाकाच्या भारावरून, उत्पादकाच्या तक्त्यानुसार दाब निवडावा.

३. टायर व रिम यांच्या कमाल मर्यादेपलीकडे हवा वा भार नेऊ नये.

४. मोजणी सकाळी, टायर थंड असताना करावी. तापलेल्या टायरमधून हवा सोडू नये.

५. भार ॲक्सलच्या पुढे-मागे व डावी-उजवीकडे समतोल भरावा.

६. ट्रॉली जोडताच ट्रॅक्टरच्या मागील टायरांचा दाबही तपासावा.

बैलगाडीचा गाडीवान निघण्यापूर्वी आखाला वंगण घालीत असे आणि मगच बैल जुंपीत असे. ट्रॅक्टरचालकाने निघण्यापूर्वी पाच मिनिटे दाबमापक हाती घेणे, ही त्याच जुन्या शिस्तीची आजची रीत होय. ती अंगवळणी पडली तर डिझेल वाचेल, टायर टिकेल, खोडवा वाढेल आणि रात्रीच्या रस्त्यावरून जाणारी माणसे सुखरूप घरी पोहोचतील.